वितळल्या कोपऱ्याची पितळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पट्टी आहे. माझ्या एका काठावर इंच कोरलेले आहेत आणि दुसऱ्या काठावर छापखान्याचे माप. मला चार कोपरे होते, आता तीन आहेत. चौथा वितळला. त्या जागी बोट फिरवलेत तर खरखरीत लागेल आणि नाकाजवळ नेलेत तर अजून जळका वास येईल. पट्टीने आडवळणाने बोलू नये, म्हणून सरळच सांगते. तो कोपरा गेला, त्या दिवशी त्या जागी एका माणसाचा हात जाणार होता. आणि ही गोष्ट अजून संपलेली नाही, म्हणून मला स्वस्थ पडवत नाही.

माझा जन्म तांबट आळीतला. शनिवार पेठेत कासिमभाईंचा छापखाना होता. बाजारातली प्रत्येक पट्टी त्यांना वाकडी वाटे. शेवटी त्यांनी मला मुद्दाम घडवून घेतले, उन्हात धरून दोन्ही काठ डोळ्यांसमोरून फिरवले आणि "चालेल" एवढेच म्हणाले. पुण्यात याहून मोठी शाबासकी क्वचितच मिळते. मी ती आजवर जपून ठेवली आहे.

छापखान्यात लग्नपत्रिका छापल्या जात, हळदीकुंकवाची निमंत्रणे छापली जात. पण कासिमभाईंचा जीव होता तो भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात. ते इथूनच निघे आणि त्याची पाने जुळवण्याचे काम आमच्याकडे असे. त्यात शोधनिबंध असत, आणि शोधनिबंधांत फार मोठे आणि फार लहान आकडे असत. शून्यांची माळ लावत बसण्यापेक्षा शास्त्रज्ञ दहाचा घात लिहितात, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. तीनशे म्हणजे 3.0 × 10². तीन शतांश म्हणजे 3.0 × 10⁻². दोन्हींत फरक फक्त डोक्यावरच्या त्या बारक्या आडव्या रेघेचा. ती रेघ माझ्या एका खुणेपेक्षाही लहान असते.

या आकड्यांचे कायदे कासिमभाई फार कडक पाळत. गुणिलेच्या चिन्हाऐवजी कोणी एक्स हे अक्षर लावले तर त्यांना खपत नसे. आकडा आणि त्याचे एकक यांच्यामध्ये बारीकशी फट हवीच. दहा एका ओळीच्या शेवटी आणि त्याचा घात पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, असे कधी झाले तर ते दिवसभर कोणाशी बोलत नसत. आणि सर्वांत मोठा कायदा सारणीचा. सारणीतल्या प्रत्येक आकड्याचा घात त्या आकड्यालाच लागून छापायचा. जागा वाचावी म्हणून तो उचलून वर शीर्षकात टांगायचा नाही.

एकदा एका नव्या जुळाऱ्याने नेमके तसेच केले. कासिमभाईंनी अख्खी सारणी सोडवून शिशाच्या अक्षरांचे खिळे परत खान्यांत टाकायला लावले. तो कुरकुरला तेव्हा ते म्हणाले, "अहो, आकड्याचं डोकं आकड्याच्याच धडावर राहू द्या. वर टांगलंत की वाचणारा दोन वाटांनी जातो, आणि त्यातली एक चुकीची असते."

त्या दोन वाटा तुम्हालाही समजायला हव्यात. समजा, घरात साखरेच्या मापांचा कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर वर कोणी 'दुप्पट' एवढेच लिहून ठेवले आहे. आता लिहिलेले माप आपण दुप्पट करून घ्यायचे, की ते आधीच दुप्पट करून लिहिले आहे? ज्याने कागद चिकटवला त्यालाच ठाऊक. सारणीच्या शीर्षकातल्या घाताचे तसेच आहे. काहीजण म्हणतात, खालच्या आकड्याला या घाताने गुणा. काहीजण म्हणतात, खरी राशी या घाताने आधीच गुणून खाली लिहिली आहे, तुम्ही उलटे जा. दोन्ही रिवाज चालू आहेत आणि दोन्हीकडची माणसे शहाणी आहेत. भीती वाटते ती त्याचीच.

मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायला आमच्याकडे शालनताई होत्या. मूळ हस्तलिखित त्या मोठ्याने वाचत आणि समोर कासिमभाई छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत. वाचताना घात कुठे चढतो आणि कुठे अक्षर खाली उतरते हे प्रत्येक वेळी तोंडाने सांगत बसले तर संध्याकाळ व्हायची. म्हणून त्यांनी एक खूण ठरवली होती. शालनताईंच्या हातात मी असे. मी टेबलावर एकदा आपटले की अक्षर वर. दोनदा आपटले की खाली. "तीन पॉइंट शून्य गुणिले दहा, टक, दोन, सेकंद." असे वाचन चाले. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटे, आत कोणी खिळे ठोकतो आहे. मला मात्र त्या आवाजाचा अभिमान होता. माझ्या एका टकेवर शास्त्रज्ञांचे आकडे लहान-मोठे होत.

कासिमभाई गेले. शिशाचे खिळे भंगारात गेले. त्यांची नात अलिझा हिने बिबवेवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या वर संगणकांची कचेरी थाटली आणि नियतकालिकाचे काम तिच्याकडेच राहिले. शालनताईही तिच्याकडे आल्या. स्वारगेटला बस बदलून त्या यायच्या, आणि पिशवीत डब्याशेजारी मी असायची. अलिझा गुणी मुलगी आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकून तुम्ही तिच्यावर रागवाल. तिने काही चुकीचे केले नाही. या गोष्टीत कोणीच काही चुकीचे केलेले नाही.

नियतकालिकाला नवे संपादक आले. पाने दोन स्तंभांची झाली, सारण्यांना जागा उरेना, आणि एक नियमपत्रक आले. सगळ्या ओळींना समान असलेला घात शीर्षकात न्यावा, असा त्यात नियम होता. कोणत्या रिवाजाने न्यावा हेही आत लिहिले होते. खरी राशी ज्याने गुणली तो घात वर, आणि गुणून आलेला आकडा खाली. पण ते नियमपत्रक जुळवणाऱ्यांच्या भिंतीवर लागते. वाचणाऱ्यांच्या घरी ते जात नाही.

मोठ्याने वाचणेही बंद झाले. अलिझा एकदा चहा घेताना म्हणाली, "मावशी, आता मशीनच ताडून बघतं. मूळ फाइल एकीकडे, प्रूफ एकीकडे. फरक दिसला की लाल होतं."

"ताडतं ना?" शालनताई म्हणाल्या. "वाचत नाही ना?"

अलिझा हसली. मी तिच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली होते. टक करण्याचे काम संपले होते. मी आता फक्त वजन होते.

त्याच दिवसांत रंगनाथ सरांचा निबंध आला. सर आयुष्यभर विजेच्या झटक्यांवर चालणाऱ्या लेसरांवर काम करून निवृत्त झाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेने त्यासाठी पेट्या बनवल्या होत्या. पेटीत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या टाक्या म्हणा. बटण बंद केले तरी ही वीज लगेच जात नाही. पेटीतला एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, तिला हळूहळू रिकामी करतो. तोवर पेटीत हात घालायचा नसतो. किती थांबायचे, तो वेळ सरांनी सारणीत दिला होता. 3.0 × 10² सेकंद. पाच मिनिटे.

अलिझाने नियमपत्रकाप्रमाणे सारणी आवळली. वर शीर्षक आले: 'वेळ × 10⁻², सेकंद'. खाली आकडा उरला: 3.0. नियमाने बरोबर. वेळेला दहाच्या उणे दोन घाताने गुणले की तीन येतात, तेव्हा वेळ तीनशे. सरांनी मुद्रित पाहिले. त्यांचा रिवाजही हाच होता, त्यांना काही खटकले नाही. यंत्राने ही आवळलेली फाइल आणि मुद्रित ताडले, कुठेच लाल झाले नाही. पण दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याने तीच ओळ वाचली तर? तीन गुणिले दहाचा उणे दोन घात. तीन शतांश सेकंद. डोळ्याची पापणीही तेवढ्यात पुरती लवत नाही. मी त्या कागदावरच पडलेली होते, त्या सारणीच्या अगदी खाली. पितळेला गार वाटत नाही असे म्हणतात. मला वाटले.

थोड्या दिवसांनी शालनताईंनी काम सोडले. निरोपाला अलिझाने त्यांना साडी दिली आणि मला एका मऊ फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवले. "आजोबांची पट्टी तुमच्याकडेच शोभते," ती म्हणाली. शालनताईंनी मला डब्याशेजारी पिशवीत ठेवले. त्यांनी मला घरी आणले आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जे टेबल आहे, त्यावर ठेवले. त्याच टेबलावर त्यांची मुलगी आम्रपाली अभ्यास करून मोठी झाली होती. आता ती भौतिकशास्त्रात संशोधन करत होती. तिच्या प्रयोगशाळेला रंगनाथ सरांकडची एक पेटी मिळाली होती आणि ती चालू करून दाखवायची जबाबदारी तिच्यावर होती.

हे कळले तेव्हा मला त्या टेबलावरून पडून जावेसे वाटले. पट्ट्यांना पडताही येत नाही.

एका रविवारी आम्रपाली मला धरून जोडणीच्या आकृतीत रेघा मारत होती. शेजारी तो निबंध उघडा होता.

"आई, हा तुमच्या अलिझाकडेच जुळलेला पेपर आहे गं," ती म्हणाली.

शालनताई कौतुकाने चष्मा लावून आल्या. सवयीने त्यांनी मला उचलले. "वाच बरं मोठ्यानं."

"अगं, काय लहान मुलांसारखं!"

"वाच. मला बरं वाटेल."

आम्रपाली हसत वाचू लागली. "कपॅसिटर बँक, बारा किलोव्होल्ट, बंद केल्यावर थांबण्याचा वेळ तीन पॉइंट शून्य."

शालनताईंनी मला टेबलापासून वर उचलून धरले होते. मी वाट पाहत होते, त्याही वाट पाहत होत्या.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"घात?"

"तो वर हेडिंगमध्ये आहे. दहाचा उणे दोन. म्हणजे पॉइंट झिरो थ्री सेकंद."

शालनताईंनी मला खाली ठेवले नाही. "एवढी वीज एवढ्यात जाते?"

"आतला रेझिस्टर छोटा असेल. सील आहे तो, दिसत नाही."

"'असेल' हा शब्द मी एवढ्या वर्षांत एकाही सारणीत वाचला नाही."

आम्रपाली थकलेली होती. दोन दिवसांनी पेटी पाहायला बाहेरची समिती येणार होती. तिचा आवाज चढला. "आई, प्लीज, आता तू मला फिजिक्स नको शिकवू."

"मला येतं कुठे? बरोबर आहे की चूक, ते मला सांगता यायचं नाही. आमच्याकडे घात वर टांगत नसत, एवढंच माहितीय. सरांना विचार ना."

"मेल केलाय. ते मुलाकडे गेलेत परदेशात, उत्तर नाही आलं."

शालनताईंनी मला कागदावर त्या ओळीखाली धरले. मग म्हणाल्या, "हात घालण्याआधी दुसरं काही घालतात की नाही तुमच्यात?"

"अर्थिंगचा दांडा असतो. धातूची पट्टी, तिला वायर, वायर जमिनीला. आमचा मोडलाय, नवा स्टोअरमधून यायचाय."

"मग धातूची पट्टी इथे आहे."

आम्रपालीने माझ्याकडे पाहिले आणि मग आईकडे. "आई, ही तुझी निरोपाची आहे. खराब होईल."

"पॉइंट झिरो थ्री सेकंद ना? मग कशी खराब होईल?"

आम्रपालीने आकृतीची घडी घातली. तिने मला पिशवीत टाकले. "नेते बाई. तुझं समाधान."

प्रयोगशाळेत तिने मला एका लांब, कोरड्या प्लास्टिकच्या नळीच्या टोकाला घट्ट बांधले आणि माझ्या दुसऱ्या टोकाला जाड तांब्याची तार जोडून ती जमिनीच्या खुंटीला नेली. तिचा सहकारी सौरभ ते बघून हसला. त्याच्या निबंधाचे कामही याच पेटीवर अडलेले होते. दोघांनी पेटी चालू केली. आत एक बारीक गुणगुण सुरू झाली आणि चढत गेली. मी छापखान्यातल्या यंत्रांची धडधड ऐकली आहे, गिरणीची घरघर ऐकली आहे. त्या आवाजांत काम करणाऱ्या माणसांचा आवाजही मिसळलेला असे. या आवाजात कोणीच नव्हते.

मग एक तार सैल झाल्याचे दिसले. सौरभने बटण बंद केले. गुणगुण थांबली. पेटीवरच्या मापकाच्या काट्याने मान टाकली, कारण काटा बटणाच्या अलीकडचा होता, टाक्यांचा नव्हता. सगळे शांत झाले, आणि ती शांतता मला मुळीच आवडली नाही.

"झालं," सौरभ म्हणाला आणि बाही सरसावून त्याने पेटीचे झाकण उघडले. हातात छोटा पाना होता.

"थांब," आम्रपाली म्हणाली. "आधी पट्टी लावते."

"अगं यार, कशाला? पॉइंट झिरो थ्री सेकंद! आपण बोलतोय तोवर कधीच डिस्चार्ज झालं ते. समिती यायची वेळ झाली."

"माहितीय. पण आईने विचारलं तर खोटं नाही बोलायचं मला."

"अच्छा, आईसाठी!" त्याने डोळे फिरवले. पण पेटीत अर्धवट गेलेला हात त्याने मागे घेतला आणि मला वाट करून दिली. "लाव लवकर."

नळी पुढे सरकली. मी पेटीच्या आत गेले. तिथे अंधार होता आणि त्या अंधारात तांब्याची दोन टोके शांतपणे बसलेली होती. मी त्यांच्या जवळ गेले. माझा कोपरा टेकायच्याही आधी त्यांच्यातली वीज मला भिडली.

टक.

एकच. मित्रांनो, मी आयुष्यभर टक करत आले, पण हा आवाज शनिवार पेठेपासून बिबवेवाडीपर्यंत ऐकू गेला असता असे मला वाटते. निळा-पांढरा उजेड झाला. माझा कोपरा थेंब होऊन खाली पडला. सौरभ जमिनीवर बसला होता. तो बसला की पडला, हे त्यालाही नंतर सांगता आले नाही. त्याचा पाना घरंगळत भिंतीपाशी गेला. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता आणि बोटे एकेक करून हलवून बघत होता.

आम्रपालीने नळी सोडली नव्हती. ती टेबलावरच्या निबंधाकडे पाहत होती. खूप वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "तीनशे सेकंद. तीनशे आहे ते." आणि मग ती रडू लागली.

तिने तिथूनच आईला फोन लावला. "आई, पट्टीचा कोपरा गेला."

"तुझं काय गेलं?"

"काही नाही. सौरभचंही नाही."

"मग पट्टीचं काय सांगतेस?" शालनताई म्हणाल्या.

संध्याकाळी अलिझा घरी आली. तिने नियमपत्रक बरोबर आणले होते. "मावशी, मी यात आहे तसंच केलं हो."

"माहीत आहे, बाळा. म्हणून तर भीती वाटते," शालनताई म्हणाल्या आणि तिला पाणी दिले. रंगनाथ सरांचेही उत्तर आले. वाचून त्यांची झोप उडाली असे त्यांनी लिहिले होते. पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर दुरुस्ती छापली गेली. पण शेवटचे पान उघडते कोण? सारणी मात्र सगळीकडे गेली आहे. कोणी तिचे चित्र काढून मित्राला पाठवले आहे, कोणी आपल्या प्रबंधात उतरवली आहे. एकाने तर शीर्षकातला घात गिचमीड दिसतो म्हणून काढूनच टाकला आहे. तिथे नुसते '3.0, सेकंद' उरले आहे.

आणि पेट्या पुष्कळ आहेत. सरांच्या प्रयोगशाळेने त्या निरनिराळ्या गावांतल्या महाविद्यालयांना वाटल्या होत्या. आम्रपालीने सगळ्यांना पत्रे लिहिली, फोन केले. बहुतेकांनी ऐकून घेतले. काहींनी आभार मानले, काहींनी आम्हाला हे आधीच कळले होते असेही सांगितले. एका ठिकाणाहून अजून उत्तर आलेले नाही.

आता मी पुन्हा त्या टेबलावर आहे. मला तीन कोपरे आहेत, त्यामुळे कोणी माझ्याने काटकोन मारत नाही. शालनताई मला रोज पुसतात. त्यांच्या मायेवर माझी काही तक्रार नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी शास्त्रज्ञ व्हाल, कोणी पाने जुळवाल, कोणी फक्त वाचाल. आकड्याचा घात आकड्यापासून तोडू नका. तोडलेला दिसला तर शरम न बाळगता विचारा, गुणायचे की आधीच गुणलेले आहे. आणि जे लिहिले आहे ते कोणासमोर तरी एकदा मोठ्याने वाचा. यंत्राला फरक दिसतो, पण ऐकणाऱ्या माणसाला पोकळी ऐकू येते. आणि अर्थिंगचा दांडा लावल्याशिवाय अशा पेटीत हात घालू नका. तिथे मी नसेन. पेट्या पुष्कळ होत्या, मी एकच होते.

आत्ता आम्रपाली शेजारच्या खुर्चीत बसून त्या एका ठिकाणी पुन्हा फोन लावते आहे. शालनताई दारात उभ्या आहेत. पलीकडे घंटा वाजते आहे. कोणी उचलत नाही.